विद्युल्लताबाईंना वाचवलं त्याची गोष्ट

"बुडत नव्हते मी! पोहत होते! पो-ह-त!"

बनारसच्या अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर, अंगावर कुणाकुणाची दोन ब्लँकेटं आणि एक सतरंजी घेऊन विद्युल्लताबाई गोडबोले ओरडत होत्या. गोडबोले हे आडनाव सासरचं. स्वभाव माहेरचा. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून तयार झालेला तो आवाज घाटावरच्या कबुतरांनी ऐकला आणि ती उडाली. माणसं मात्र हलली नाहीत.

"हाँ अम्मा, आप तैर रही थीं," एक बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हळूच पुटपुटली, "सदमा लगा है."

निवृत्त झाल्यावर विद्युल्लताबाईंना लोकांनी भजनी मंडळ, जपमाळ आणि गुडघ्याचं तेल सुचवलं होतं. बाईंना तिन्हींचा राग आला. हजारो मुलींकडून नद्यांची लांबी पाठ करून घेतली आणि दारातली नदी काही आपण ओलांडली नाही, नुसत्या साखळी धरून डुबक्या मारल्या, हे त्यांना डाचत होतं. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी शहरातल्या तलावावर नाव घातलं आणि नाकातोंडात पाणी जाऊन जाऊन एकदाच्या पोहायला शिकल्या. मग रामजतन नाववाल्याला सोबत घेऊन गंगेत उतरू लागल्या. पलीकडची रेती गाठायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या सकाळीही रामजतनची नाव जवळच होती. बाई पाठीवर पडून, डोळे मिटून, हातपाय सैल सोडून तरंगत होत्या. दम खायची ती रीतच आहे. पण घाटावर नीलकंठ मुळे नावाचा बँकेतला अधिकारी स्नानाला आला होता. नांदेडहून नुकताच बदलून आलेला, मनाने सज्जन, अंगाने भरलेला. लहानपणी विहिरीत पोहलेला. म्हणजे कमरेला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. पांढऱ्या केसांची बाई निपचित वाहत चाललेली बघून त्याच्या काळजाचं पाणी झालं. "बुडाली, बुडाली!" करत त्याने उडी मारली आणि बाईंच्या गळ्यालाच मिठी घातली.

"अरे भइया, छोड़ो उनको!" रामजतन नावेतून बोंबलत होता. पण भइयाला आता सोडणं शक्यच नव्हतं, कारण भइया बुडत होता.

दोघं खाली गेली. वर आल्याआल्या बाईंनी नीलकंठच्या कानाखाली एक वाजवली. मिठी सुटली. मग त्याला उताणा करून, हनुवटी धरून, तलावावर शिकवलं होतं तसं ओढत त्यांनी पायऱ्यांपर्यंत आणलं. तिथे नीलकंठच्या पायाला दगड लागला आणि दगड लागताच अंगात शौर्य आलं. तो उभा राहिला, बाईंना दोन्ही हातांवर उचललं आणि "बाजू व्हा, बाजू व्हा" करत पायऱ्या चढला. घाटावरचे मोबाइल नेमके तेव्हा बाहेर निघाले होते.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या बनारसने पाहिला. बाईंच्या दूधविनायक गल्लीतल्या मराठी घरांनी तर दोन-दोनदा. दुसऱ्या दिवशी अखबारात फोटोही आला. आणि मग गल्लीला प्रश्न पडला, की गोडबोल्यांची म्हातारी पाण्यात गेलीच कशाला?

उत्तर महिला मंडळाच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाई पाध्यांकडे तयार होतं. त्यांचं घर समोरच. त्या सकाळी गोडबोल्यांकडे सासू-सुनेचं भांडण झालेलं त्यांनी स्वतः ऐकलं होतं. भांडण पोहण्याच्या पोशाखावरून होतं. सासूबाईंचा तो निळा, अंगभर पोशाख रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालू नका, खालून लोक दर्शनाला जातात, असं सून रुचा म्हणत होती. तेवढं मात्र अन्नपूर्णाबाईंना ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते शेवटचं, विद्युल्लताबाईंनी तार सप्तकात म्हटलेलं:

"नको ना मी इथं? मग जाते गंगेत!"

झालं. गल्लीतल्या बायका एकेक करून सांत्वनाला येऊ लागल्या. विद्युल्लताबाईंचे हात हातात घ्यायच्या, डोळे टिपायच्या, आणि रुचाने चहा आणला की कपाकडे बघून म्हणायच्या, "नको, असू दे."

"अहो, मी पोहायला गेले होते!" बाई ओरडायच्या.

"कळतं हो वहिनी," अन्नपूर्णाबाई म्हणायच्या. "घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी. तुमचं मन किती मोठं!"

विद्युल्लताबाईंचं डोकं असं तापलं, की त्यांनी अन्नपूर्णाबाईंना दाराबाहेर काढलं. त्यावर सुनेने सासूला धाकात ठेवलंय, हे गल्लीत पक्कं झालं.

मुलगा श्रीनिवास रेल्वेत होता. त्याने आठवडाभर रजा टाकली, पोशाख कपाटात कुलपात ठेवला आणि आईच्या खोलीची कडी काढून टाकली.

"आई, मनात काही असेल तर बोल ना. मी आहे."

"मनात एवढंच आहे, की तुझ्या कानाखाली पण एक वाजवावी."

"बघ, हा राग," श्रीनिवास हळुवारपणे म्हणाला, "हा राग म्हणजे आतलं दुःख असतं."

आता मात्र बाईंना खरोखरच रडू आलं, ते संतापाने. दोन वर्षं पाणी गिळून जी एक गोष्ट त्या शिकल्या होत्या, तिच्यावर घरातला माणूससुद्धा विश्वास ठेवायला तयार नव्हता. म्हातारी बाई पाण्यात दिसली की ती जीव द्यायलाच आलेली असणार! श्रीनिवासने त्यांना रडताना पाहिलं आणि खिडकीलाही जाळी बसवून घेतली.

मग महिला मंडळाने ठरवलं, की नीलकंठ मुळेंचा सत्कार अहिल्याबाई घाटावरच करायचा. शाल-नारळ द्यायचा, तो विद्युल्लताबाईंच्या हस्ते.

"माझ्या हस्ते? मी त्याला नारळ देणार नाही, नारळ फोडणार!"

सत्काराच्या आदल्या दिवशी रुचा सासूच्या खोलीत आली. तिचे डोळे सुजले होते. इंदूरहून तिच्या आईचा फोन येऊन गेला होता. व्हिडिओ तिथपर्यंत पोचला होता.

"आई, त्या दिवशी मी तुम्हाला दोरीवरून बोलले. चुकलं असेल माझं. पण मी काय तुम्हाला नदीत ढकललं? भाजीवालासुद्धा माझ्याशी नीट बोलत नाही आता. पूरी गली माझ्याकडे अशी बघते, जशी मी खूनी आहे!"

विद्युल्लताबाईंनी तिला शेजारी बसवलं. गेले कित्येक दिवस त्या फक्त आपल्याच रागात होत्या. समोर कुणीतरी आपल्याइतकंच चिडलेलं आहे, हे त्यांना आत्ता दिसत होतं.

"तू सांग, काय करू मी?"

"पोहून दाखवा," रुचा दात आवळून म्हणाली आणि मुठीतली कपाटाची किल्ली तिने पलंगावर आपटली. "सगळ्यांसमोर. त्या पाध्ये काकूंच्या तर नाकासमोरून!"

सकाळी घाटावर खुर्च्या मांडल्या होत्या. विद्युल्लताबाई हिरवी साडी नेसून बसल्या होत्या. साडीखाली काय होतं, ते फक्त सुनेला माहीत होतं. बाईंनी अंगावर फेकलेली सत्काराची शाल पांघरून नीलकंठ खाली मान घालून बसला होता.

"काकू, मी सांगायचा लई प्रयत्न केला," तो कुजबुजला. "पण साहेबांनी बँकेत पेढे वाटले. सासऱ्यांचा फोन आला. कुणी ऐकूनच घेईना."

"गप बस."

अन्नपूर्णाबाईंनी माइक हातात घेतला. शौर्यावर बोलल्या, वृद्धांच्या एकटेपणावर बोलल्या, रुचाकडे बघून संस्कारांवर बोलल्या. आणि शेवटी म्हणाल्या, "आनंदाची बातमी अशी, की यापुढे आपल्या मुलींना पोहायला नीलकंठराव शिकवणार आहेत!"

टाळ्या पडल्या. नीलकंठ पांढरा पडला. विद्युल्लताबाई उठल्या आणि त्यांनी माइक ओढून घेतला.

"हा शिकवणार? ह्याला ओढून मी काढलंय पाण्यातून! विचारा त्याला!"

सगळ्यांनी नीलकंठकडे पाहिलं. त्याने मान हलवली. पण ती उभी की आडवी, तेच कुणाला कळेना.

"गंगेकाठी जन्म काढता आणि पोरींना पाण्याची भीती घालता. मुलींना मी शिकवीन! आणि माझी सून मला छळत नाही. मी तिला छळते. आता बघा!"

त्यांनी साडी सोडली, रुचाने ती झेलली. पायरीवर एकच कल्लोळ झाला. "आई!" करत श्रीनिवास पुढे धावला, तर रुचाने त्याचा हात धरला. "जाऊ द्या त्यांना." तोपर्यंत बाई पाण्यात होत्या, आणि रामजतन नाव घेऊन त्यांच्या बाजूला.

निम्म्या नदीपर्यंत बाईंना रागानेच नेलं. प्रत्येक हाताला एकेक जण आठवत होता, अन्नपूर्णाबाई, श्रीनिवास, अखबारवाले. पुढे खांदे भरून आले, धाप लागली.

"अम्मा, नाव पकड़ लीजिए," रामजतन म्हणाला.

"चुप!"

मग हळूहळू राग कुठे गेला ते कळलंच नाही. राहिलं नुसतं पाणी आणि श्वास. आणि एकदम गुडघ्याला वाळू लागली. पलीकडची रेती! विद्युल्लताबाई तिच्यावर पालथ्या पडल्या आणि मुलींसारख्या हसू लागल्या.

डोळे उघडले तेव्हा समोर घोड्याचे चार पाय होते. रेतीवर हवा खायला येणाऱ्या सैलान्यांना फिरवणारा एक घोडेवाला लगाम धरून उभा होता. त्याला सत्कार ठाऊक नव्हता, व्हिडिओ ठाऊक नव्हता. ओली म्हातारी बघून त्याने रोजच्यासारखंच विचारलं, "माताजी, घोड़े पर बैठेंगी?"

आठवडाभरात त्यांना कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

"बैठूँगी," बाई म्हणाल्या. जन्मात त्या घोड्यावर बसल्या नव्हत्या.

रामजतनने आणि घोडेवाल्याने मिळून त्यांना वर चढवलं. उंचावरून पलीकडचा घाट स्पष्ट दिसत होता. सगळी गर्दी पाण्यापर्यंत आली होती, हात हलवत होती. आणि त्या गर्दीतून, खांद्यावर शाल घेतलेला एक भरलेला माणूस धडाधड पायऱ्या उतरत नदीकडे येत होता.

विद्युल्लताबाईंचा सगळा राग क्षणात परत आला. त्या रिकिबीत उभ्या राहिल्या आणि शाळेतला तो आवाज त्यांनी पुरा सोडला:

"नीलकंठ! पाण्यात उतरशील तर खबरदार!"

नीलकंठला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. घोड्याला मात्र ऐकू गेलं.