ऊब तपासणी समिती

माणसाला दोन कान दिले आहेत ते मतभेदाची सोय व्हावी म्हणून. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची पद्धत संसारात चालते. संगीतात मात्र दोन्ही कानांचं स्वतंत्र इतिवृत्त ठेवावं लागतं. मी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं डाव्या कानाने सेवा केली (उजवा घरगुती वापरासाठी राखून ठेवला होता), म्हणून ऊब तपासणी समितीचं सचिवपद माझ्याकडे चालून आलं. मी आचोळ्यात राहतो, समिती तिकडे राजोडी गावात भरते, आणि एकाही बैठकीला मी गैरहजर राहिलेलो नाही.

विषय साधा होता. राजोडीच्या रोझमेरी मावशींच्या घरात एक रीत आहे. घरातली मुलगी लग्नाला उभी राहिली की थोरली बाई मांडवातल्या जुन्या गाण्याला त्या मुलीच्या नावाचं एक नवं कडवं जोडते. मावशींची नात कॅरल जानेवारीत लग्न करून चार दिवसांनी कॅनडाला जाणार होती. ते गाणं, स्वतःच्या कडव्यासकट, आजीच्या आवाजात तिला सोबत न्यायचं होतं. एवढीच तिची मागणी.

ऑक्टोबरात गॉडफ्रे अंकलच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. गाणं चार मिनिटांचं, ध्वनिमुद्रण साडेचार मिनिटांत आटोपलं (अर्धं मिनिट मावशींनी पाणी मागितलं). मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झालं ना? आता देऊन टाका पोरीला." या अननुभवी सूचनेवर सगळे हसले. अजून इक्वलायझर लावायचा बाकी होता.

इक्वलायझर म्हणजे आवाजातला खर्ज किती ठेवायचा आणि टोकदारपणा किती, हे कमी-जास्त करण्याचं साधन. गॉडफ्रे अंकल मुंबईच्या एका स्टुडिओत छत्तीस वर्षं होते. स्टुडिओ बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. अंकलनी अकरा किलोचा एक लोखंडी इक्वलायझर घरी आणला. त्याला नऊ मुठी आहेत, पैकी सात फिरतात. दुसरीकडे, घरबसल्या लॅपटॉपवर गाणी सजवणाऱ्या फुलपाड्याच्या तरुण विघ्नेशकडे त्याच यंत्राचं प्लगइन आहे, म्हणजे तेच काम करणारं हुबेहूब चित्रातलं रूप. त्यात मुठी आहेत, स्क्रू आहेत, उडालेला रंग आहे, आणि डाव्या कोपऱ्यात गंजसुद्धा आहे. मूळ यंत्र जुनं झाल्यावर जी बारीक गुणगुण करतं, तीही त्यात दिली आहे. ती बंद करण्याचं बटणही दिलं आहे. ते आजवर कोणी दाबलेलं नाही.

"पडद्यावरच्या निखाऱ्यावर बोंबील भाजतो का कोन?" अंकलनी विचारलं.

"अंकल, ऐकून फरक सांगा ना," विघ्नेश म्हणाला. "डोळ्यांनी नको. ब्लाइंड टेस्ट करू."

म्हणून समिती स्थापन झाली. सदस्य चौदा, त्यात गावातले सात आणि विघ्नेशच्या बिल्डिंगमधले सात. अंकलचं म्हणणं होतं की यंत्रातून गेलेल्या आवाजाला ऊब येते. ऊब म्हणजे नक्की काय, हे ठरवायला पोटसमिती नेमली. तिने तीन आठवड्यांत व्याख्या दिली: 'जी यंत्रात असते ती.' विघ्नेशच्या हरकतीनंतर दुरुस्ती झाली: 'जी यंत्रात असते किंवा असल्यासारखी वाटते ती.' पुढे मोजणीसाठी पाच श्रेणी केल्या: गार, कोमट, उबदार, कढत आणि वाफाळता. या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पहिल्या चाचणीत यंत्र समोर ठेवलं होतं. त्याचा लाल दिवा लागताच अकरा सदस्यांनी डोळे मिटले आणि माना डोलावल्या. दोघांना झोप लागली (त्यांचं मत 'वाफाळता' धरलं). दुसऱ्या चाचणीत दोन्ही साधनं चादरीमागे ठेवली. निकाल उलटा लागला. चौकशीअंती चादर जाड असल्याचं आढळलं आणि तिसरी चाचणी पातळ चादरीवर घेण्यात आली.

मतं समसमान पडू लागली, तेव्हा निःपक्षपाती साक्षीदार म्हणून अंकलच्या मांजरीला पाचारण केलं. तिचा संगीताशी काही संबंध नव्हता आणि बिल्डिंगमधल्या कोणाशी नातंही नव्हतं. मांजर तडक यंत्रावर जाऊन बसली. गावच्या सात सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊब सिद्ध झाली! पण वीस मिनिटांनी विघ्नेशचा लॅपटॉप तापला आणि मांजर उठून त्यावर आडवी झाली. तिने कळफलकावर कूस बदलली तेव्हा मावशींच्या आवाजाची पट्टी तीन सूर खाली गेली. ती आवृत्ती पाच सदस्यांना सर्वाधिक उबदार वाटली.

याच सुमारास कॅरलचा मला फोन आला. "सुधाकर काका, गाणं झालं का?"

मी तिला प्रगती सांगितली.

"काका, काही न लावता, जसं आहे तसंच द्या ना. मला चालेल."

समजूत घालणं माझं कर्तव्य होतं. कच्चा आवाज बाहेर देणं नियमात बसत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. ती "बरं" म्हणाली. तरुण पिढी ऐकत नाही ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे.

डिसेंबरात यंत्र बंद पडलं. गावात आलोशियस नावाचा फ्रिज दुरुस्त करणारा आहे. त्याने आतला एक दमलेला भाग बदलून दिला. यंत्र सुरू झालं, आणि समितीवर आभाळ कोसळलं. गुणगुण गेली होती! आवाज स्वच्छ, नवाकोरा येऊ लागला. विघ्नेशचं प्लगइन मात्र पूर्वीसारखंच गुणगुणत होतं. नियम ४ अन्वये (अस्सल ते, जे अस्सलसारखं वाजतं) यंत्र अस्सलपणात नापास झालं. गॉडफ्रे अंकल दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचं दुःख मला बघवत नव्हतं, तरी निकाल मीच वाचून दाखवला.

यंत्र परत आलोशियसकडे नेलं आणि पहिल्यासारखं बिघडवून मागितलं. आलोशियसने आधी यंत्राकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"तीस वर्सांत फ्रिज गरम करून द्या म्हननारा एक गिऱ्हाईक आलेला नाय," तो म्हणाला. "तुमी पयले."

त्याला लॅपटॉपवरची गुणगुण ऐकवली. ती कानात साठवून त्याने दहा दिवसांत यंत्रात एक तार सैल केली, एक पत्रा ठोकला, आणि नकलेची अस्सल नक्कल करून दिली. पुढची चाचणी सात विरुद्ध सात झाली. मांजर तटस्थ राहिली.

आणि जानेवारीतला लग्नाचा रविवार उजाडला. गाणं अर्थातच तयार नव्हतं. सत्तावीस आवृत्त्या विचाराधीन होत्या. मांडवात कॅरल निघायच्या वेळी मावशींनी आमच्या रांगेकडे एक नजर टाकली. "यांच्या डब्यातनं काय बाहेर येत नाय," त्या म्हणाल्या. "गानं माजं, तोंड माजं. मीच म्हनते." आणि उभ्या राहून गायला लागल्या.

लगोलग चाळीसेक पाहुण्यांनी फोन वर धरले. इथे एक ऐतिहासिक घटना घडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा गॉडफ्रे अंकल आणि विघ्नेश यांचं एकमत झालं. फोनच्या मायक्रोफोनमध्ये ऊब मुळीच येत नाही, सबब या दर्जाचा आवाज जगात फिरू देणं मावशींवर अन्याय आहे, असं म्हणून दोघांनी रांगारांगांतून फिरत एकूणएक फोन खाली करायला लावले. मागच्या रांगा मी स्वतः सांभाळल्या. एकही सुटला नाही.

समितीने सवयीने डोळे मिटले आणि मूल्यमापन केलं. खर्ज कमी. वरच्या सुरात थोडा कोरडेपणा. शेवटच्या कडव्यात आवाज दोनदा कापला (हा दोष एकाही आवृत्तीत नाही). गुणगुण अजिबात नाही. "सॉरी, पण रेकॉर्डिंगमध्ये त्या जास्त ओरिजिनल वाटतात," विघ्नेश हळूच म्हणाला, आणि अंकलनी मान हलवली. रोझमेरी मावशींचा आवाज रोझमेरी मावशींच्या आवाजाशी जुळत नाही, असा ठराव चौदा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. कॅरल आजीच्या गळ्यात पडून रडत होती. आमच्याकडे त्याचं श्रेणीकरण नव्हतं.

गुरुवारी ती गेली. ध्वनिमुद्रण समितीच्या ताब्यात सुरक्षित आहे. फेब्रुवारीत मावशींनी अंकलच्या खोलीत येऊन, "पोरीला धाडलं काय रे?" असं विचारलं, तेव्हा त्यांना पुढच्या बैठकीची तारीख देण्यात आली.

हा अहवाल मी छापण्यापूर्वी पंधरा जाणकारांना वाचायला दिला. पंधराही जणांनी शेवटी एकच प्रश्न विचारला: मग दोघांत चांगलं कोणतं, यंत्र की प्लगइन? हाच प्रश्न घेऊन तुम्हीही इथवर आला आहात, हे मी जाणतो. वास्तविक तुम्ही दोहोंपैकी एकाचाही आवाज ऐकलेला नाही, तरी तुमचं मत एव्हाना झालेलं आहे, म्हणजे तुम्ही सदस्यत्वाला पात्र आहात. तिसऱ्या रांगेत जागा रिकामी आहे. कॅरलच्या कडव्यात मावशींनी काय म्हटलं होतं, ते आमच्यापैकी कोणाला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही ते अजून विचारलेलं नाही.