विश्रामची नऊ मिनिटं

मुरबे गावच्या विश्रामच्या टेम्पोला बावीस वर्षांत एकदाही दंड झाला नव्हता. ही गोष्ट तो लग्नाच्या पंगतीत सांगे, बारशाला सांगे आणि कोणी विचारलं नाही तर आवर्जून सांगे. त्यामुळे बोईसरच्या रस्त्यावर सहा किलोमीटरच्या अंतराने दोन कॅमेरे लागले, तेव्हा सगळ्यांत आधी त्याने गणित मांडलं. मर्यादा चाळीसची, म्हणजे पहिल्या कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नऊ मिनिटं. त्याआधी पोचला, की चलन.

मंगळवारी सकाळी मासळीच्या टोपल्या घेऊन मागे बसलेल्या कोळणींनी त्याचं डोकं खाल्लं.

"विश्राम, टेम्पो हाय का बैलगाडी? बाजारातली जागा जाईल रे!" सुलूमावशी ओरडली.

विश्रामने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. दुसरा कॅमेरा दिसला तेव्हा सहाच मिनिटं झाली होती. त्याने टेम्पो बाजूच्या मोकळ्या मैदानात घातला नि इंजिन बंद केलं.

"आता काय झाला?"

"तीन मिनिटं लवकर आलो. इथंच काढायची."

"मावरं खराब होईल, मेल्या!"

"होऊ दे. बावीस वर्षांची अब्रू नाय खराब करनार."

तेवढ्यात रात्रपाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली मागोमाग मैदानात शिरल्या. तेही सुसाट आले होते, तेही घड्याळं बघत उभे राहिले. उभ्या माणसाची नजर टोपलीत जातेच.

"मौसी, बोंबील ताज़ा है क्या?"

"मगाशी पोवत होता! बोट घालून बग, चावंल."

तीन मिनिटं संपली. विश्रामने हॉर्न वाजवला. एकीनेही मान वळवली नाही. अर्ध्या तासात टोपल्या रिकाम्या झाल्या आणि बोईसरचा बाजार गाठायचं कारणच उरलं नाही.

बुधवारी विश्रामने मुद्दाम पस्तिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. मैदान आलं तशा मागून पत्र्यावर थापा पडल्या.

"थांब, थांब!"

"कशाला? आज मी वेगात आलोच नाय!"

"मग यायचा होतास! थांबावं लागलं असतं ना!" सुलूमावशी कडाडली.

थांबायला मिळावं म्हणून पळायचं, हे विश्रामच्या तत्त्वात बसेना. त्याने सिग्नल दाखवून टेम्पो सावकाश आत घेतला. "थांबतो. पन माज्या मर्जीनं. वेगाचा डाग मला नको."

मागून कालच्याच कामगारांतला सालवडचा धीरज मोटारसायकलवर तीसच्या वेगाने येत होता. त्याने कचकन ब्रेक मारला.

"विश्रामकाका थांबलेत!" त्याने मागच्यांना हात केला. "म्हणजे आपण सगळेच वेगात आलो. घ्या आत!"

एकामागून एक गाड्या मैदानात वळल्या. सगळे विश्रामच्या तोंडाकडे बघू लागले. विश्रामने छाती फुगवून मनगटावरचं घड्याळ गंभीरपणे न्याहाळलं.

"घाई करू नका," तो म्हणाला. "अजून वीस मिनिटं हायत."