कंपनीचा इतिहास, करामा ते जबल अली

सुलेमानचाचांच्या गाडीत बसलं की नॉर्वेच्या एका बोट कंपनीचा इतिहास ऐकावाच लागतो. कुणी डुलकी काढली, तर चाचा मागच्या बंदरापासून पुन्हा सुरू करतात.

दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमधले आम्ही तिघं रोज त्यांच्याबरोबर जबल अलीला कामाला जातो. चाचा रत्नागिरीकडचे, जबल अलीतल्या एका गोदामात सुपरवायझर. तरुणपणी ते एका नॉर्वेजियन कंपनीच्या बोटीवर होते. कंपनी केव्हाच विकली गेली, पण चाचांच्या तोंडी ती अजून "आमची कंपनी".

गाडी करामा सोडते तेव्हा गोष्टीतल्या कंपनीकडे एकच आगबोट असते. वर माणसं, खाली सुकी मासळी. इथे चाचा मागे वळून म्हणतात, "सुकी मासळी! म्हणजे आपलेच लोक." मी वसईची, त्यामुळे मान डोलवावी लागते. वाटेतलं अल क्वोज येईपर्यंत बोटी वाढतात, पार मुंबईपर्यंत पोचतात. मग माणसं विमानानं जाऊ लागतात, बोटीवर नुसता माल उरतो, चाचांचा आवाज बसतो आणि गोदामाचं गेट येतं. "खलास. यल्ला, उतरा." शेवट कुणीच ऐकला नव्हता.

यंदा चाचांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. गावी खातिजाचाची वाट बघत होत्या, इथे मालक म्हणत होता अजून दोन वर्षं राहा. चाचा दोघांनाही "इन्शाल्ला" म्हणून मोकळे होत. शेवटी मालकानं उत्तराचा दिवस ठरवून दिला आणि नेमकं त्याच सकाळी दाट धुकं पडलं. गाड्या जागच्या हलेनात. रोजचा इतिहास संपला, तरी रस्ता संपेना. मी विचारलं, मग शेवटी काय झालं?

चाचांनी सांगितलं. नॉर्वेच्या किनाऱ्यानं जाताना कुणा खलाशाचं घर आलं की कॅप्टन भोंगा द्यायचा. घरचे खिडकीतून चादर हलवायचे. चाचांचं गाव काही त्या वाटेवर नव्हतं. शेवटच्या सफरीत, भर समुद्रात, कॅप्टननं त्यांना बोलावून विचारलं, तुझं घर कुठल्या बाजूला? चाचांनी बोट दाखवलं. कॅप्टननं भोंगा दिला.

"तिथून काय दिसणार, बेटा? नुसतं पाणी. पण मी रडलो."

"चाचींना सांगितलंत हे?"

"नाही. सुट्टीत गेलो की चार दिवस बरे जातात. मग ती तिच्या कामात, मी ओट्यावर पाहुण्यासारखा. कायमचा गेलो तर बोलू काय तिच्याशी?"

आम्हाला झोपू न देणारा हा माणूस घरी जाऊन गप्प बसतो, याचं मला हसू आलं आणि फार वाईटही वाटलं. मी म्हटलं, "चाचा, आम्हाला रोज सांगता, तेच सांगा की त्यांना."

 चाचांनी गावी फोन लावला, स्पीकरवर. सकाळी सकाळी फोन आलेला बघून चाची घाबरल्या.

"काही झालेलं नाही," चाचा म्हणाले. "खातिजा, मी कायमचा आलो तर तुला आमच्या कंपनीचं ऐकावं लागेल. चालेल? पहिल्यांदा एकच बोट होती, वर माणसं..."

"थांबा हां," चाची म्हणाल्या. "गॅस बंद करून येते."