नासोलेवूची एकुलती एक पक्कड

या, असे पुढे सरका. चटईवर जागा आहे, आणि लाज वाटायचं कारण नाही. तुम्हाला एका पकडीची गोष्ट सांगतो. ऐकून पुण्य लागेल असं नाही, पण ब्रेक लागेल.

गाडी पळवणं कोणालाही जमतं; थांबवायला मात्र अवजारं लागतात. हे सत्य कोणा साधूने सांगितलेलं नाही. आमच्या बेटावरच्या नासोलेवू गावातून खाली सावुसावु शहराकडे जाणारा उतार ते रोज सांगतो.

गावात लॉरी एक, तिचा चालक एमोसी एक, आणि ब्रेकच्या स्प्रिंगा ओढून बसवायची पक्कडही एकच. बाकी अवजारांची परिस्थिती समाधानकारक आहे. पाने सात (पैकी पाच एकाच मापाचे), हातोडे चार, जॅक एक (सध्या सरपंचांच्या खाटेखाली, मोडक्या पायाच्या जागी सेवेत).

शनिवारी सावुसावुला चर्चमंडळ्यांच्या गायनाची स्पर्धा होती. आमच्या मंडळीचा पहिला सूर चाळीस वर्षं उलामिला आजी लावतात. त्यांनी जाहीर केलं होतं, "यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी देवाच्या मंडळीत नाव घालणार आहे." तेव्हा लॉरी शनिवारी सकाळी उभी राहणं, आणि मुख्य म्हणजे उतारावर उभी राहणं, आवश्यक होतं.

एमोसीने बुधवारी लॉरी ओंडक्यांवर टेकवून मागचं चाक उतरवलं. ब्रेकचे लायनर झिजून पापडासारखे झाले होते. नवे लायनर आणि स्प्रिंगा लांबासाच्या दुकानातून आलेल्या होत्या. नव्हती ती पक्कड.

इथे आमच्या रिवाजाचं थोडं गुणगान करणं भाग आहे. 'केरेकेरे' म्हणून कोणी काही मागितलं की नाही म्हणायचं नाही. इतका प्रेमळ कायदा जगात दुसरा नसेल. त्यात परत करण्याचं कलम तेवढं घालायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी ही पक्कड एकंदर चौतीस वेळा मागितली गेली. पैकी ब्रेकसाठी दोनदा. उरलेल्या बत्तीस वेळा तिने कुंपणाच्या तारा ओढल्या, तापलेली पातेली उतरवली आणि एकदा सावेनाकाची दाढ काढली (चुकीची). तिच्या दांड्यावर 'इनोके' अशी अक्षरं कोरलेली आहेत. ते कंपनीचं नाव असावं, असं गावाचं एकमत आहे.

एमोसी सावेनाकाकडे गेला. तिथून पक्कड लितियाकडे गेली होती, लितियाकडून केलेपीकडे. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. तीन घरं म्हणजे तीन जेवणं आणि प्रत्येक जेवणानंतर एक झोप, या हिशेबाने शुक्रवारची संध्याकाळ झाली. पण पक्कड हाती आली.

ती घेऊन निघाला, तर वाटेत आजी.

"एमोसी बाळा, माझ्या पेटीची कडी अडकलीय. आत गायनाचा पांढरा झगा आहे. केरेकेरे, ती पक्कड दे रे."

"आजी, ही तुमच्याच लॉरीच्या ब्रेकसाठी—"

"मग मी काय झग्याशिवाय ब्रेक लावून बसू?"

दिली. पाच मिनिटांत कडी निघाली. तेवढ्यात सेमिसीने ती आजीकडे मागितली होती. सरपंचांनी तातडीने फर्मान काढलं की शनिवार दुपारपर्यंत केरेकेरे बंद. गावाने ते एकमताने मान्य केलं. मग सरपंचांनीच सेमिसीकडे पक्कड मागितली. खाटेचा आणखी एक पाय हलत होता.

शनिवारी पहाटे एमोसी लॉरीच्या पायरीवर डोकं धरून बसला. "पक्कड मागून आणीन हो," तो म्हणाला, "पण लॉरीपर्यंत पोचणार कशी? वाटेत अकरा घरं आहेत."

आजी काठी टेकत उठल्या. "स्तोत्र चालू असताना माणसाकडे काही मागत नाहीत. मागायचं ते देवाकडे. उठा रे सगळे!"

मग जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी पुण्य कमावलं. अठ्ठावीस माणसांनी एमोसीभोवती रिंगण धरलं आणि ती चार सुरांत गात सरपंचांच्या दारी गेली. तिथे त्याने पक्कड मागून घेतली. परतीच्या वाटेवर अकराही दारांत माणसं उभी होती. तोंडं उघडत होती, मिटत होती. लॉरीजवळ चौदा कडव्यांचं स्तोत्र तीनदा झालं. चौथी स्प्रिंग बसली आणि 'आमेन' झालं.

"केरेकेरे, एमोसी," सरपंच लगेच म्हणाले.

उतारावर ब्रेक सुरेख लागले. स्पर्धेत गळे मात्र बसलेले होते. तरी आजींचा पहिला सूर असा लागला, की परीक्षकाने पेन खाली ठेवलं. पाच मंडळ्यांत आमचा चौथा क्रमांक आला.

पाचवी मंडळी आलीच नव्हती. व्यासपीठावरून सांगण्यात आलं की शेजारच्या वाइकावा गावची लॉरी बुधवारपासून चाक काढून उभी आहे. तिचा चालक इनोके दोन वर्षं आपली पक्कड शोधतो आहे.

आम्ही सर्वांनी उभं राहून त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. परतताना लॉरीत कोणीच गायलं नाही.

हसलात? हसा, देव हसणाऱ्यांचाही आहे. पण घरी गेल्यावर माळ्यावरचा तो डबा, दाराआडची ती छत्री, कपाटातलं ते पुस्तक जरा खाली काढा, आणि त्यावरचं कंपनीचं नाव नीट वाचा. मग झोपण्यापूर्वी इनोकेची आठवण करा. तो अजून चाकाशेजारी बसला आहे.