अडीच फुटी गुन्हेगार

पुढची हकिगत कुणालाही खरी वाटणार नाही. भिंगमामांचं तर म्हणणं असं, की ज्याला ती लगेच खरी वाटेल त्याचीच आधी चौकशी करावी.

भिंगमामांच्या मते या जगात गुप्तहेर दोनच प्रकारचे: एक ते स्वतः आणि दुसरे, त्यांच्यासारखं होऊ बघणारे. "माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाकाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, ते दिसतंच आहे," असं ते सांगायचे. नाक खरोखरच दिसायचं. मामा कोपऱ्यावरून वळायच्या आधी ते वळायचं. सारी नोकरी त्यांनी बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे केली होती. तिथे एकदा म्हणे नुसता छत्रीच्या मुठीचा वास घेऊन त्यांनी सांगितलं होतं, की हिचा मालक डावखुरा आहे आणि बायकोला घाबरतो.

"वस्तू लोक आणून द्यायचे, आणि लोकच येऊन घेऊन जायचे," मामी त्यावर म्हणायच्या. "हे मध्ये बसायचे."

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना पेपर वाचायला एक भिंग भेट दिलं. मामांनी ते नियुक्तिपत्र समजून स्वीकारलं, आणि तेव्हापासून शहरातली गुन्हेगारी, निदान मामांच्या सोसायटीपुरती, फार जपून वागू लागली.

तर असे हे मामा मामींसह भाचीकडे चार दिवस राहायला आले होते, आणि नेमकं त्याच वेळी ते प्रकरण घडलं.

भाचीला दोन मुलं. थोरली चार वर्षांची टिकली. दिवसभर आईला चिकटलेली असायची म्हणून टिकली. धाकटा ढब्बू, वर्षाचा, गोल. भाचीच्या फोनमध्ये या दोघांचे इतके फोटो होते, की फोन आताशा नुसता धापा टाकायचा. मुलं आंघोळीत, मुलं बादलीत, ढब्बूच्या डोक्यावर पातेलं, टिकलीच्या तोंडावर पावडर. फक्त भाची कुठेच नव्हती. फार तर एखादा अंगठा, नाहीतर भिंतीवर पडलेली सावली. बालवाडीत 'माझं घर' म्हणून फोटो न्यायचा होता. टिकलीने नेलेल्या फोटोत बाबा होता, ढब्बू होता, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा होता. बाईंनी विचारलं, "आणि आई कुठंय गं?" टिकली म्हणाली, "आई फोनच्या मागे राहते."

भाची बाईंसमोर हसली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "उद्या ही मुलं मोठी होऊन फोटो बघतील, आणि त्यांना वाटेल, आपल्याला बाबाने आणि कुत्र्याने वाढवलं."

म्हणून तिने एक फोटोवाली बोलावली. ही फोटोवाली घरोघरी जाऊन घर जसं असतं तसंच टिपायची. तिची अट एकच: कुणी नटायचं नाही, कुणी माझ्याकडे बघून हसायचं नाही, जे चाललंय ते चालू द्यायचं. मुलांनी आपल्या कॅमेऱ्याशी झटापट करू नये म्हणून ती प्रत्येक घरी थोरल्या मुलाच्या गळ्यात स्वतःचा एक जुना कॅमेरा अडकवायची आणि सांगायची, "आजपासून तूही फोटोवाली. मी करते तसंच करायचं." तसा तो तिने सकाळीच टिकलीच्या गळ्यात अडकवला.

दिवस छान गेला. दूध सांडलं, मोजा हरवला, स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून नळवाला येऊन गेला. आणि दुपारी भाची फेसाळल्या हातांनी खोलीत आली, तेव्हा ढब्बू खुर्ची सोडून उभा राहिला, जरा डुलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चालत, धडपडत थेट आईच्या कुशीत गेला. फोटोवालीचा कॅमेरा खटखटला. "मिळाला!" ती म्हणाली. "तुम्ही दोघंही आहात." भाचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबा कामावर होता. त्याला आल्या आल्या तो फोटो दाखवायचा, असं तिने मनाशी ठरवलं. पहिलं पाऊल काही कुणी पुन्हा टाकत नसतं.

संध्याकाळी फोटोवालीने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं. सगळे पडद्याभोवती जमले.

पडद्यावर एक गुडघा आला.

पुढच्या फोटोत दुसरा गुडघा. मग टेबल, खालून. मग बेसिन, तेही खालून. मग एक मोजा, अगदी जवळून आणि फार आदराने काढलेला. मग दोन प्रचंड काळी भुयारं.

"हे काय?" भाचीने घाबरून विचारलं.

"तुझ्या मामांच्या नाकपुड्या," मामी म्हणाल्या. "मी कुठेही ओळखीन."

"थांबा!" भिंगमामा गरजले. "कुणीही जागचं हलायचं नाही! कार्ड बदललेलं आहे!"

"काका, मला वाटतं..." फोटोवालीने तोंड उघडलं.

"तुम्ही संशयित आहात. संशयिताला वाटत नसतं."

"मामाआजोबा, मला सांगायचंय," टिकली म्हणाली.

"गुन्ह्याच्या जागी लहान मुलं नकोत. अगं, यांना आतल्या खोलीत ने." मामींनी ढब्बूला काखेत मारलं, टिकलीला हाताला धरलं आणि आत नेलं. दार मामांनी स्वतः लावून घेतलं. मामी लगेच दुसऱ्या दाराने परत येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. त्या खोलीला दोन दारं आहेत हे मामांच्या लक्षात आलं नव्हतं.

मामांनी भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावलं. "हं. कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर धरलेला आहे. याचा अर्थ उघड आहे. गुन्हेगार बुटका!"

"किती बुटका?" मामींनी विचारलं.

"बेताचा बुटका. दिवसभर या घरात वावरला आणि कुणाच्या नजरेला पडला नाही, म्हणजे मुरलेला हेर. आता हे गुडघे बघ. पुन्हा पुन्हा तेच. गुडघ्यांत एवढा रस कुणाला असतो? हाडांच्या डॉक्टरला! बुटका हाडांचा डॉक्टर!"

"मामा," भाची हळूच म्हणाली, "ते माझे गुडघे आहेत. उजव्यावर ढब्बूने लाळ पुसलीय, बघ ना."

मामांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे त्याचं लक्ष्य तू आहेस. स्वयंपाकघरात गुडघे, गॅलरीत गुडघे, न्हाणीघराच्या दाराशी गुडघे. पोरी, हा इसम दिवसभर तुझ्या मागे मागे फिरतोय."

"तशी एक व्यक्ती फिरते खरी," मामी घडी घालत म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस, माझी तर्काची साखळी तुटते."

आतून दारावर टकटक झाली. "मामाआजोबा, मला सांगायचंय!"

"नंतर!"

"अहो काका, माझा जुना कॅमेरा..." फोटोवाली पुन्हा म्हणाली.

"त्याचाही तपास यथावकाश होईल!" मामांनी पुढचा फोटो आणला. बेसिनखालून दोन पाय बाहेर आलेले. मामांनी मांडीवर थाप मारली. मांडी मामींची होती. "सापडला! नळवाला! बेसिनखाली कोण झोपलं होतं? नळवाला. बेसिनचा फोटो खालून कोण काढू शकतो? जो खाली झोपलाय तो! आडवा माणूस अडीच फुटांपेक्षा उंच नसतोच."

"पण या फोटोत नळवालाच आहे ना?" भाची म्हणाली. "मग तो काढणार कसा?"

"तेच तर! स्वतःवर संशय येऊ नये म्हणून स्वतःचाच फोटो काढला. किती पोचलेला इसम आहे बघ!"

मामांनी नळवाल्याला फोन लावला आणि नळ पुन्हा फुटलाय, घरात पूर आलाय, ढब्बू बादलीत बसून तरंगतोय असं सांगितलं. बिचारा अर्धा कप चहा तसाच टाकून धावत आला. मामांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि दिव्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"कार्ड कुठंय?"

"दुकानाचं?" नळवाल्याने खिशातून छापील कार्ड काढून दिलं. "दोन घ्या, शेजारीही द्या."

"मला शब्दांत गुंडाळू नकोस. गुडघ्यांशी तुझं काय नातं?"

"दोन्ही दुखतात हो," नळवाला कळवळून म्हणाला. "दिवसभर त्यांच्यावरच उभं राहायचं आमचं काम. कुणी चांगला डॉक्टर आहे का ओळखीत?"

मामांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "डॉक्टर! ऐकलंत? साथीदाराचं नाव काढायला लागला!"

इतका वेळ सगळे हसत होते. भाची मात्र एकदम खाली बसली. "मामा, पुरे आता," ती म्हणाली. "मला गुन्हेगार नकोय. मला तो फोटो हवाय. हा बघ, यांचा फोन आला, येतायत. मी काय दाखवू? गुडघे?"

भाचीच्या डोळ्यांतलं पाणी बघायला भिंग लागत नव्हतं. मामांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि जन्मात पहिल्यांदा, कुणालाही न अडवता, जाऊन ते आतलं दार उघडलं.

दारात टिकली उभी. गळ्यात जुना कॅमेरा.

"ते माझे फोटो आहेत," ती रागाने म्हणाली. "तुम्ही न विचारता बघितले."

"मग फोटोवाल्या ताईचे कुठेत गं?" मामींनी विचारलं.

"माझ्याकडे." तिने कॅमेरा उचलून दाखवला. "ताईने जेवायच्या आधी कार्ड काढलं आणि दुसरं घातलं. मी करते तसंच कर म्हणाली होती. म्हणून मीपण माझं काढलं. आणि टेबलावर तिचं होतं ते घातलं. मग माझं उरलं, ते तिच्या डबीत नीट ठेवलं."

"तेच मी मघापासून सांगतेय!" फोटोवाली कपाळावर हात मारत म्हणाली. "दुपारी ढब्बूचा फोटो काढून झाल्यावर घाईघाईत कार्ड बदललं, डबीतलं घातलं, मला वाटलं रिकामंच. अगं बाई, म्हणजे ढब्बूचा फोटो..."

"तू ढब्बूचा फोटो काढलास आणि ते कार्ड परत टेबलावर ठेवलंस," टिकली म्हणाली. "मी परत बदललं. मी दमले."

"मला बघू!" भिंगमामांनी झडप घालून कॅमेरा हातात घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर शब्द उमटले. मामांनी ते भिंगातून, मोठ्याने वाचले: "'कार्ड ओळखता येत नाही. सगळं पुसून नव्याने सुरू करायचं का?' बघा! यंत्रसुद्धा माझा सल्ला विचारतंय! 'हो' म्हणून टाकू." त्यांचा अंगठा खाली आला.

मामींनी हातातला घडी घातलेला टॉवेल फेकून मारला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. कॅमेरा उडाला, नळवाल्याने तो, नळ पकडावा तसा, दोन्ही हातांनी पकडला. फोटोवालीने तो अलगद बंद केला, कार्ड काढलं आणि लॅपटॉपमध्ये घातलं.

आणि पडद्यावर भाची आली.

गुडघ्यांवर बसलेली, केस सुटलेले, कोपरापर्यंत फेस, तोंड वासलेलं, हात पसरलेले. आणि एक पाय हवेत टाकून तिच्याकडे निघालेला गोल ढब्बू. भाची म्हणाली, "मी अशी दिसते?"

"रोज," टिकली म्हणाली. "गुडघ्यांच्या वर."

एवढ्यात बेल वाजली आणि बाबा आत आला. त्याने तो फोटो पाहिला, बॅग खाली ठेवायची विसरून तसाच उभा राहिला, आणि मग बायकोला म्हणाला, "आधी हा बालवाडीत पाठव."

चहा झाला. नळवाल्यालाही पूर्ण कप मिळाला. कशासाठी बोलावलं होतं ते त्याला अजून कळलं नव्हतं, म्हणून भिंगमामा त्याच्याजवळ सरकून बसले आणि हलक्या आवाजात समजावून सांगू लागले.

"मला पहिल्या गुडघ्यालाच सगळं कळलं होतं. पण गुन्हेगार लहान असला की त्याला स्वतःहून कबूल करू द्यावं लागतं, म्हणून तुला बोलावून वेळ काढला. नाहीतर या घरात माझ्या नजरेतून काय सुटतंय? ढब्बूचं पहिलं पाऊल, तेसुद्धा सगळ्यांत आधी मीच पाहिलं. या सोफ्यावर बसून. टक लावून."

टिकली लॅपटॉपपाशी होती. तिने फोटोत, आईच्या पाठीमागे दिसणाऱ्या सोफ्यावर बोट ठेवलं.

"खोटं!" ती अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली. "मामाआजोबा इथे झोपलाय! आणि त्याच्या तोंडात ढब्बूचा मोजा आहे!"