पुस्तिकेत नसलेलं अंतर

परांजपे पाहुण्याला 'या, बसा' म्हणायच्या आधी खिशातून टेप काढायचे. शेगडीच्या दारापासून तुमच्या गुडघ्यापर्यंत माप घ्यायचे आणि म्हणायचे, "चार बोटं मागे." तुम्ही सरकलात की मग चहा. नव्वदच्या दशकात जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या आम्हा मराठी मंडळींना याची इतकी सवय झाली, की माझी बायको त्यांच्याकडे शिरली की आपणहून भिंतीला पाठ लावून बसायची.

गंमत म्हणजे शेगडी पेटलेली नसायची. मी एकदा तसं म्हणालो.

"पेटल्यावर मोजायला वेळ मिळतो का?" त्यांनी विचारलं.

परांजपे एका संशोधन संस्थेत काचेवर काम करायचे. घर भाड्याचं, जुनं, लाकडी. कुणा हौशी मालकाने बैठकीच्या भिंतीत विटांची फायरप्लेस बांधून ठेवलेली. तिथल्या घरांत थंडी बाहेरच्यापेक्षा आत जास्त. रॉकेलच्या हीटरच्या वासाने सुमतीवहिनींचं डोकं उठायचं, गारठ्याने गुडघे धरायचे. एका हिवाळ्यानंतर त्या पुण्याला निघून गेल्या आणि फोनवर सांगितलं, घर ऊबदार झालं तर येते, नाहीतर तुम्ही आणि तुमची काच.

म्हणून परांजप्यांनी फायरप्लेसमध्ये बसवायची लोखंडी शेगडी मागवली. तिच्यासोबत एक पुस्तिका आली आणि माणूस हातचा गेला. दारापुढे इतकी फरशी हवी, बाजूंना इतकी, वरची लाकडी फळी इतकी उंच. बसवल्यावर कळलं, शेगडी भिंतीतून वीतभर पुढे येते, म्हणजे फरशीही तिथून पुढे मोजायची. जमिनीवरच्या तातामी चटया उचलल्या, फरशी वाढली. पुस्तिकेने एक अंतर सांगितलं, अग्निशमन केंद्रातल्या माणसाने दुसरं. परांजप्यांनी दोन्हींची बेरीज केली. सोफा स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीज व्हरांड्यात, जिथे त्याला काही कामच उरलं नाही. दिवाळीचा फराळ आम्ही फरशीवरच्या लाल पट्टीबाहेर एका ओळीत उभ्याने खाल्ला. "ठिणगीला भीड नसते," हे त्यांचं पालुपद.

पुढे टोकियोच्या मराठी वर्तुळात परांजप्यांची एकच गोष्ट उरली: बायको नसताना ते तिची साडी नेसतात. ती माझ्याच तोंडून सुटली होती, तीही अर्धी. गणपतीला लोक ती रंगवून सांगायचे आणि मी हसायचो. आता सत्तरी उलटली. उरलेली अर्धी सांगून टाकतो.

साडी ते नेसले होते. वहिनी यायच्या आदल्या संध्याकाळी, नरिता विमानतळावर जायला गाडी किती वाजता काढायची ते विचारायला मी गेलो. शेगडी पहिल्यांदाच पेटलेली. समोर वहिनींची खुर्ची, खुर्चीत परांजपे. शर्टपँटवर अंजिरी नायलॉनची साडी, नाकावर चष्मा, डोळे मिटलेले. मी दारातच थिजलो.

"बोलू नका," ते म्हणाले. "शेकता शेकता हिला डुलकी लागते. झोपेत पदर कुठे घसरतो ते बघायचंय. पुस्तिकेत खुर्चीचं अंतर आहे, पदराचं नाही."

झोप काही लागली नाही. शेवटी त्यांनी पदर हाताने लांबवून माप घेतलं आणि खुर्ची पार मागच्या दाराला नेऊन टेकवली. तिथे ऊब पोचत नव्हती. मी ते सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते कळलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींना मीच घेऊन आलो. त्या कोटासकट खुर्चीत बसल्या, हात चोळले, शेगडीकडे बघितलं. मग उठल्या आणि खुर्ची फरफटत लाल पट्टीच्या आत, थेट जाळापुढे नेली.

"एवढं लांब बसायचं तर मी पुण्यातच बरी होते," त्या म्हणाल्या.

परांजपे जाऊन शेगडी आणि बायकोच्या मधल्या फरशीवर, जाळाकडे पाठ करून, मांडी घालून बसले.

मी चहा पिऊन निघालो तेव्हा वहिनी गाढ झोपल्या होत्या. कोट केव्हाच उतरला होता, पदर घसरला होता, आणि परांजप्यांनी तो मुठीत धरून ठेवला होता. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी मला खूण केली, दार हळू लावा.