वहिनींची पोळ्या लाटतानाची चाल

माझी बायको सुनंदा मंगळवारी गेली. शनिवारी पाटणकर स्टूल घेऊन आला.

स्टूल कशाला, हे नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनमध्ये आता कोणी विचारत नाही. आमचा हा शेजारी इंजिनिअर आहे. पण काही सांगायचे असले की स्टुलावर चढतो, छडी उगारतो आणि गातो. प्रागच्या एका संग्रहालयात त्याने जुन्या चेक बाजारगाण्यांच्या चोपड्या पाहिल्या, तेव्हापासूनचे हे वेड. सोळाव्या शतकापासून पूर, धूमकेतू, लढाया यांच्या बातम्या तिथे गाणी करून छापत आणि जत्रेत गाऊन विकत. पुढे तर सालाऐवजी ‘यंदा छापले’ एवढेच टाकू लागले, म्हणजे माल शिळा व्हायला नको.

“वहिनी, यंदाचीच बातमी! सायकल चोरीला गेली!” तो सुनंदाला सांगे.

“भावजी, तिला तीन वर्षं झाली.”

“सापडली का? नाही ना? मग यंदाचीच!”

त्या चोपड्यांत स्वरलिपी नसे. अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणावे, एवढेच. चाल सगळ्यांना येतेच, असे धरलेले. “आणि आता त्यातल्या कितीतरी कोणालाच येत नाहीत,” असे म्हणून पाटणकर स्टुलावरून उतरे आणि दुसरा चहा मागे.

त्याची स्वतःची गाणी मात्र, सायकलचे असो की गेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, न उचललेल्या कचऱ्याचे, एकाच चालीत. सुनंदा पोळ्या लाटताना गुणगुणायची, ती चाल.

“चोरी आहे ही, भावजी.”

“कागदावर छापलंय की! ‘चाल : वहिनींची, पोळ्या लाटतानाची’.”

“अरे, दुसरी चाल शोध,” मी म्हणायचो.

“दादा, हीच बसते.”

शनिवारी तो स्टुलावर चढला नाही, बसला. टिलबर्गहून आलेली आमची मुलगी इरा चहा करत होती. मी म्हणालो, “पाटणकर, तिची ती चाल मला आठवत नाही. मंगळवारपासून शोधतोय.”

तो उठला, स्टुलावर चढला आणि सायकलचे गाणे म्हणू लागला. सगळी कडवी, कुलपाच्या वर्णनासकट. कुलपापाशी इराला हसू फुटले. मग रडत रडत तीही गाऊ लागली. शेवटच्या कडव्याला मीही.

खाली उतरून तो म्हणाला, “दुसऱ्या चाली येतात हो मला, दादा. पण ही आणखी कोणालाच येत नव्हती.”

स्टूल आता आमच्या स्वयंपाकघरात असते. पोळ्या मी लाटतो. चाल मला येते.